हॅरोफील्डचे शुभेच्छुक

निवडणूक कशी जिंकायची असते, हे मला कुणी शिकवू नये! आमच्या दुबईच्या मराठी ग्रुपचा सांस्कृतिक सचिव म्हणून मी लागोपाठ चार वेळा बिनविरोध निवडून आलोय. आता बटाटेवड्यांची ऑर्डर देणं, हॉल बुक करणं आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या एकावर एक रचणं, एवढ्यासाठी दुसरं कुणी उभंच राहत नाही, ही गोष्ट वेगळी. पण बिनविरोध ते बिनविरोधच!

त्यामुळे आमची शुभ्रा फोनवर म्हणाली, "बाबा, आय ॲम रनिंग फॉर सिटी कौन्सिल," तेव्हा मी मनात म्हटलं, रक्तातच आहे!

शुभ्रा आमची एकुलती एक लेक. जन्म दुबईचा, शाळा दुबईची, घर अल मनखूलच्या याच फ्लॅटमध्ये. लहानपणी पुण्याला गेली की चुलत भावंडं विचारायची, तू कुठली गं? ही सांगायची, "अल मनखूल!" ती सगळी खो खो हसायची. इथे शाळेत विचारलं की ही म्हणायची, "पुणे," आणि मग पुण्यातलं काही विचारलं की हिची दांडी गुल. एकदा मला म्हणाली होती, "बाबा, फॉर्मवर काय लिहू? वुई आर फ्रॉम नोव्हेअर." मी म्हटलं, "असं बोलू नये, राजा. लिही, इंडियन." झालं. त्यापलीकडे उत्तर माझ्याकडे तरी कुठे होतं?

मग ती अमेरिकेला शिकायला गेली, फिजिओथेरपिस्ट झाली, आणि आयोवा राज्यातल्या हॅरोफील्ड नावाच्या गावात राहिली. हॅरोफील्ड म्हणजे एक मोठा रस्ता, चार चर्च, आणि उरलेला सगळा मका! तिथे तिला नागरिकत्व मिळालं, आणि आता ती तिथल्या नगरपालिकेला उभी राहिली होती. कारण होतं गावची बस. गावात एकच छोटी बस आहे, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, बाजारात ने-आण करणारी. शुभ्राचे निम्मे पेशंट त्याच बसने येतात. नगरपालिका ती बंद करायला निघाली होती आणि कौन्सिलमध्ये बरोबर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. शुभ्राच्या वॉर्डाची एक जागा ठरवणार होती की बस राहणार का जाणार.

तिने घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या लावल्या होत्या. त्यावर फक्त तिचं नाव आणि खाली 'युअर नेबर'. तुमची शेजारीण! त्या पाटीचा फोटो तिने आम्हाला पाठवला तेव्हा फोनवर तिचा आवाज असा काही फुलला होता, की सुमेधा, म्हणजे आमची ही, फोन ठेवल्यावर डोळे पुसत म्हणाली, "अहो, पोरगी कुठली तरी झाली हो शेवटी."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग सुमेधाने एक साधा प्रश्न विचारला.

"शुभू, तू घरोघरी जातेस म्हणतेस. हातात काय नेतेस गं?"

"फ्लायर्स, आई."

"म्हणजे कागद?"

"येस. पेपर."

सुमेधाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरगी अनवाणी हिंडतेय! "अहो, परक्या माणसांच्या दारात हात हलवत जाते ही! आणि वर मत मागते! काय म्हणत असतील लोक? आईबापांनी काही वळण लावलं की नाही?"

"आई, नोबडी एक्स्पेक्ट्स—"

"ते बोलून दाखवत नसतील. चांगली माणसं आहेत बिचारी!"

मला मुद्दा पटला. आणि इथेच माझ्यातला सांस्कृतिक सचिव जागा झाला. खजूर! दुबईतून पाठवायला याहून चांगलं काय आहे? उत्तम, टपोरा, बदाम भरलेला खजूर, छोट्या सुबक डब्यांतून, वॉर्डातल्या घराघरांत! शुभ्राला आधी सांगायचं नाही. सरप्राइज!

आता नुसता डबा पाठवून कसं चालेल? कुणाकडून आलाय ते कळायला नको? मी मीना बाजारमधल्या प्रिंटिंगवाल्याकडे जाऊन डब्यावरच्या स्टिकरचं डिझाइन करायला बसलो. मधोमध हात जोडलेली शुभ्रा. हात जोडलेला अलीकडचा फोटो नव्हता, म्हणून तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला काढला. वरच्या कोपऱ्यात गोल चौकटीत मी आणि सुमेधा. खाली ठळक अक्षरांत, 'वेल-विशर्स'. आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्सवर शुभेच्छुक असतात, अगदी तसंच!

हौसेने डिझाइन ग्रुपवर टाकलं, आणि पहिला फोन अबुधाबीहून आला. विजयकुमारांचा. आमच्या ग्रुपचे माजी अध्यक्ष, तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर.

"उपेंद्रराव, पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. आणि शुभेच्छुकांत मी नाही?"

"अहो, ते घरगुती—"

"मी घरचा नाही? बरं. खलास."

हे 'खलास' ते इतक्या थंडपणे म्हणतात की समोरचा खुर्चीतून उठून उभाच राहतो! मी घाईघाईने म्हटलं, "तुमचा फोटो पाठवा, साहेब. जरा मोठाच पाठवा."

दुसऱ्या दिवशी अजमानहून सोमनाथ आला. हा माझा दुबईतला सगळ्यात जुना मित्र, एकेकाळचा रूममेट. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून फोटो हातात द्यायला आला, कारण म्हणे ईमेलने क्वालिटी जाते. फोटोत त्याने गॉगल लावला होता.

"अरे, गॉगल कशाला?"

"लीडर वाटतो ना?"

"पण उभी शुभ्रा राहिलीय!"

"मग? तिच्या मागे कोण आहे ते दिसायला नको?"

असं करता करता शुभेच्छुकांची संख्या डझनावर पोचली. प्रत्येकाला गोल हवा. विजयकुमारांना मधला हवा. सोमनाथला गॉगल दिसेल एवढा मोठा हवा. शेवटी शुभ्राचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला आणि तिच्याभोवती आम्ही बारा काका, मिशांसकट, हॅरोफील्डच्या जनतेकडे रोखून बघत होतो! खाली मी स्वतः भाषांतर केलेली ओळ होती: 'बिलव्हेड डॉटर ऑफ द मासेस'. जनतेची लाडकी लेक! प्रिंटिंगवाला मल्याळी होता, तोसुद्धा म्हणाला, "सार, पावरफुल!"

डबे न्यायला कार्गोवाला तय्यबभाई आला. त्याने स्टिकर निरखून पाहिलं.

"भाईसाब, इलेक्शन का माल है?"

"हां. बेटी खडी है अमेरिका में."

"माशाल्ला! और ये सब मिनिस्टर लोग हैं?"

"नहीं, दोस्त हैं."

"जीतेगी, इन्शाल्ला," तय्यबभाई म्हणाला, आणि कार्टनवर स्वतःच्या हाताने दोन पट्ट्या जास्तीच्या मारल्या.

डबे गेले डॉरिसबाईंच्या पत्त्यावर. डॉरिस हॉलोवे म्हणजे शुभ्राची शेजारीण आणि पेशंट, ऐंशीच्या घरातल्या. शुभ्रासोबत दोनदा व्हिडिओवर भेटल्या होत्या, तेव्हापासून सुमेधाशी त्यांची मैत्री जमली होती. एकीला दुसरीचं इंग्रजी कळत नव्हतं, पण गुडघेदुखी दोघींची सारखीच! डॉरिसबाईंनी चर्चमधल्या मैत्रिणी गोळा केल्या आणि एका रविवारी अख्ख्या वॉर्डात डबे वाटले. शुभ्राला पत्ता लागू दिला नाही. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. खाली नऊ लाल बदाम होते, पत्त्यांत असतात तसले. त्या दिवशी आम्ही घरी श्रीखंड आणलं.

सोमवारी शुभ्राचा फोन आला.

"बाबा. व्हॉट डिड यू डू?"

"कुठे काय? मी काही नाही केलं!" मी लाडात म्हटलं.

"बाबा, मी एका व्होटरच्या किचनमध्ये गेले. देअर वॉज युअर फेस. ऑन द टेबल."

"कसा आलाय? गोलात जरा गाल मोठे दिसतात, नाही?"

पलीकडे कुणी बोलेना. मला वाटलं, भारावली असेल!

"बाबा, यू आर अ फॉरेन नॅशनल."

"मी? अगं, मी तुझा बाप आहे!"

"यू आर बोथ, बाबा. दॅट्स द प्रॉब्लेम."

मग तिने सगळं समजावून सांगितलं, हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. परदेशी नागरिकाने तिथल्या कुठल्याही निवडणुकीत काहीही द्यायचं नाही. देशाच्या नाही, राज्याच्या नाही, गावच्याही नाही. कायदाच आहे तसा.

"पण मी पैसे कुठे दिले? खजूर आहे तो!"

"अ थिंग ऑफ व्हॅल्यू, बाबा. एनी थिंग ऑफ व्हॅल्यू."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी पोरीला कितीतरी गोष्टी दिल्या. सायकल दिली, ती इमारतीच्या पॅसेजमध्येच चालवावी लागायची. कॉलेजची फी दिली. पण माझ्या एखाद्या वस्तूला कायद्याने मोलाची ठरवलं ते हे असं! आणि ठरवलं ते परत घ्या म्हणून.

हो, परत! तिने निवडणूक कार्यालयात स्वतः जाऊन सगळं सांगितलं, आणि ठरलं की डबे गोळा करायचे. ज्या दारांत ती मत मागायला गेली होती, त्याच दारांत आता ती रिकामी पिशवी घेऊन उभी! "सॉरी, दॅट बॉक्स. कॅन आय हॅव इट बॅक?"

सुमेधाने हे ऐकलं आणि मटकन खाली बसली. "दिलेलं परत मागायचं? अहो, पोरीला काय दिवस दाखवलेत तुम्ही?"

"मी? हात हलवत जाते म्हणून कोण रडलं?"

"मी खजूर म्हटलं होतं? आणि ते बारा टगे मी छापायला सांगितले होते?"

निम्मे डबे रिकामेच परत आले. एक कुत्र्याने खाल्ला होता. डॉरिसबाईंनी तर द्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, मला म्हातारीला अटक करायची तर करा, मी उरलेला खजूर तुरुंगात खाईन!

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या शनिवारी दोन्ही उमेदवारांची जाहीर सभा होती, गावच्या लायब्ररीत, आणि ती इंटरनेटवर लाइव्ह दिसणार होती. त्याचं निमंत्रण मी सगळ्या शुभेच्छुकांना आधीच देऊन बसलो होतो. रद्द करायचं तर कारण सांगावं लागणार. मी म्हटलं, बघू. होईल काहीतरी.

तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर सतरंज्या टाकल्या. विजयकुमार अबुधाबीहून सहकुटुंब आले. सोमनाथ अजमानहून आला, गॉगल कपाळावर. सुमेधाने पोहे केले, पण ती सबंध वेळ स्वयंपाकघरातच राहिली.

समोरचा उमेदवार ग्लेन. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. चेहऱ्यावरून अगदी सज्जन माणूस. त्याने बोलता बोलता टेबलाखालून एक डबा काढला आणि उंच धरला. कॅमेरा जवळ गेला, आणि आमच्या टीव्हीवर विजयकुमारांचं तोंड आलं, केवढं तरी!

"अरे! मी!" विजयकुमार ओरडले.

"माझा गॉगल बघा, गॉगल!" सोमनाथने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या!

ग्लेनने शांतपणे विचारलं, "फोक्स, हू आर दीज जंटलमेन?"

तिथल्या हॉलमध्ये हशा झाला. इथल्या टाळ्या थांबल्या.

शुभ्रा उठली. निळा ड्रेस, केस मागे बांधलेले. चेहरा ओढलेला होता. हातातल्या कागदावरून तिने वाचलं की हे डबे एका परदेशी नागरिकाने पाठवले होते, तिला न विचारता. तिच्या प्रचाराशी त्या माणसाचा काहीही संबंध नाही. सल्ल्यानुसार निवडणूक होईपर्यंत ती त्याच्याशी संपर्क ठेवणार नाही.

त्याच्याशी, म्हणजे माझ्याशी. सोमनाथने कपाळावरचा गॉगल काढून खिशात घातला.

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "बट हू इज ही, हनी?"

शुभ्राने कागद खाली ठेवला. "ही इज माय डॅड," ती म्हणाली. "त्यांनी आयुष्यात कधी मत दिलेलं नाही," हे ती इंग्रजीत म्हणाली, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. "ही गॉट एक्सायटेड."

तिथे पुन्हा हसले, पण या वेळी प्रेमाने. इथे कुणी हसलं नाही. खोटं काय होतं त्यात? चोविसाव्या वर्षी मी इथे आलो. भारतात असताना एकदा परीक्षा आडवी आली, एकदा यादीत नाव नव्हतं. इथे तर आम्ही पाहुणेच, पस्तीस वर्षांचे पाहुणे! विजयकुमारांचंही तेच. आमच्या हॉलमध्ये बसलेल्यांत एकट्या सोमनाथने मत दिलं होतं, ग्रामपंचायतीला, आणि ते कुणाला दिलं हे त्याला आठवत नव्हतं.

"पोहे घ्या ना," मी म्हटलं. कुणीच घेतले नाहीत.

त्यानंतर शुभ्राचा फोन येणं बंद झालं. ऐन दिवाळी आली. सुमेधाने चकल्या केल्या, शेजारी वाटल्या, आणि दर वेळी फोन वाजला की पिठाच्या हातांनी धावली. विमा विकणारे, बँकवाले, आणि एकदा तय्यबभाई: "भाईसाब, बेटी जीत गई?" मी म्हटलं, "अभी नहीं." मला तिला फक्त सॉरी म्हणायचं होतं. पण आता सॉरीसुद्धा परदेशी मदत ठरली तर? मी मेसेज लिहायचो आणि पुसायचो. लेकीशी बोलायला बापाने घाबरावं, असे दिवस आणले होते मी स्वतःवर.

निकालाच्या सकाळी मी ऑफिसला सुट्टी टाकली. काउंटीची वेबसाइट लॅपटॉपवर उघडून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. चहा गार झाला. आकडे एकेका बूथचे येत होते. शुभ्रा पुढे. मग ग्लेन पुढे. मग शुभ्रा. सुमेधाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा वळ उठला. शेवटचं बूथ आलं, आणि पानावर 'फायनल' असं उमटलं.

शुभ्रा हरली होती. अकरा मतांनी.

अकरा! मी मनातल्या मनात तिच्या वॉर्डातली घरं मोजायला लागलो. रिकामी पिशवी घेऊन ती किती दारांत उभी राहिली असेल? अकरापेक्षा जास्तच ना? त्यातल्या किती जणांनी दार लावताना म्हटलं असेल, ही कुठली शेजारीण? मला रडू फुटलं. साठीला आलेला माणूस मी, चहाच्या कपाशेजारी डोकं टेकून रडलो. सुमेधाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मोबाइलवर कॉलिंग अॅपची रिंग वाजली. शुभ्रा!

मी नाक पुसलं, घसा साफ केला.

"बाबा? झोपला होतात?"

"छे गं! दात घासत होतो. बोल, राजा."

"डिड यू सी द रिझल्ट?"

समोर पडद्यावरून ती अकरा मतं माझ्याकडे बघत होती. सुमेधाने मान हलवली, नाही म्हणा.

"नाही गं," मी म्हटलं. "काल रात्रीपासून आमचं नेटच बंद आहे. काही उघडतच नाही."

ती क्षणभर थांबली.

"ओके. आय लॉस्ट, बाबा."

"अरेरे."

"बाय अ लॉट. शेकड्यांनी. सो इट वॉजन्ट द डेट्स, ओके? खजुराचा काही संबंध नाही. हंड्रेड्स ऑफ व्होट्स, बाबा. कुणीच काही करू शकलं नसतं."

"शेकड्यांनी?"

"हंड्रेड्स."

"मग काय इलाज, बाळा," मी म्हटलं. माझा आवाज मला फारच चांगला लागला होता. "आणि बस?"

"बस जाईल. जानेवारीपासून." तिचा आवाज तिथे जरा फाटला. मग तिने तो सावरला. "डॉरिस सेज हाय. आता तिला मीच गाडीतून नेणार क्लिनिकला. आई कुठेय? तिला सांगा, आय वाँट चकल्या. आता पाठवल्या तर चालतील."

मायलेकी बोलल्या, दोघी रडल्या, हसल्या. फोन ठेवला. मी खुर्चीत मागे टेकलो. म्हटलं, सुमेधा, निदान एवढं तरी धड जमलं आज. पोरीला कळू दिलं नाही आपल्याला माहीत आहे ते. बिचारी, बापाला वाईट वाटू नये म्हणून किती खोटं बोलली! आणि मी ते कसं पचवलं, बघितलंस ना? नेट बंद! आयत्या वेळी सुचलं!

सुमेधा डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "नेट बंद आहे म्हणालात. मग हा फोन कशावरून आला होता?"

मी अॅपकडे पाहिलं. राउटरकडे पाहिलं. त्याचे सगळे दिवे छान हिरवे लुकलुकत होते.

म्हणजे माझ्या त्या 'नेट बंद'च्या वाक्यालाच तिला सगळं कळलं होतं. आणि तरीसुद्धा माझी पोरगी, माझ्यासाठी, शेवटपर्यंत शेकड्यांनीच हरत राहिली.